मीठ लावलेला मासा

जंगलात हरवलात तर काय करायचं, हे मला विचारा. बर्फात गारठलात, अस्वल मागे लागलं, नाव बुडाली, डाव्या पायाचा बूट लांडग्यानं पळवला, काहीही होऊ द्या, मला विचारा. या विषयावर माझी पाच पुस्तकं आहेत. फिनलंडमधली आठ ते बारा वयोगटातली मुलं आज जिवंत आहेत, त्यात माझा वाटा मोठा आहे असं मी नम्रपणे समजत होतो!

माझा नायक यल्मारी बारा वर्षांचा आहे. पाचही पुस्तकांत तो बाराच वर्षांचा राहिला, कारण त्याला मोठं व्हायला सवड मिळालेली नाही. तो शेवाळ खातो, बर्फाच्या तुकड्याचं भिंग करून आग पेटवतो, रानडुकराच्या डोळ्याला डोळा भिडवतो आणि रानडुक्कर ओशाळून निघून जातं. हे सगळं मी ताम्पेरे शहरातल्या सहाव्या मजल्यावर, हीटरवर पाय टाकून लिहिलं. हिमवादळाचं प्रकरण लिहिताना तर इतकं उकडत होतं, की मला खिडकी उघडावी लागली.

माझं नाव ओत्सो. आमच्या जुन्या भाषेत ओत्सो म्हणजे अस्वल. आईवडिलांनी फार आशेनं ठेवलं असणार.

माझ्या सगळ्या पुस्तकांची पहिली वाचक म्हणजे माझी भाची केर्तू. सानाताईची मुलगी. वय दहा, नजर पन्नाशीची. हस्तलिखित आधी तिच्याकडे जातं. ती पेन्सिल घेऊन बसते आणि शेवटचं पान उलटून "हं" म्हणते. तिनं "हं" म्हटलं की पुस्तक छापायला जातं. आमच्या संपादकबाईसुद्धा फोनवर नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारतात, "केर्तूचं काय म्हणणं आहे?"

तर यंदा मे महिन्यात केर्तू बालवीरांच्या शिबिराला गेली आणि जाताना माझं पाचवं पुस्तक घेऊन गेली. त्यात एक वाक्य आहे: 'यल्मारीनं दोन काटक्या जराशा घासल्या आणि ज्वाला उसळली.' त्यातलं 'जराशा' हे मी नंतर घातलं होतं. वाक्याला झोक येतो म्हणून! केर्तूनं शिबिरातल्या सगळ्या मुलींना जाहीर सांगितलं, की काड्यापेटीची गरज नाही, माझ्या मामाची पद्धत आहे. मग ती दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत काटक्या घासत बसली. रात्रीचं जेवण अर्थातच झालं नाही. मुलींनी धिरड्यांचं कच्चं पीठ चमच्यानं खाल्लं आणि उरलेलं शिबिरभर केर्तूला 'यल्मारी' म्हणून हाक मारली.

ती परत आली तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात सहाव्या पुस्तकाचं हस्तलिखित घेऊन बसलो होतो. ती रागावलेली नव्हती. तेच वाईट होतं.

"मामा, तू कधी बाहेर झोपलायस?"

"बाहेर म्हणजे?"

"आकाशाखाली."

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एकदा. बाल्कनीत."

"का?"

"दार आतून लागलं होतं."

सानाताईनं चुलीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. केर्तूनं मात्र हस्तलिखितावर एक बोट ठेवलं आणि ते टेबलावरून सावकाश माझ्याकडे सरकवलं. "तीन रात्री बाहेर झोपून ये," ती म्हणाली. "मग वाचते."

आजवर माझ्यावर टीका झालेली आहे. एका वर्तमानपत्रानं यल्मारीला 'अशक्य मूल' म्हटलं होतं, ते मी प्रशंसा समजून चौकटीत लावलं. पण ते एक बोट काही डोळ्यांपुढून हलेना. ही एक मुलगी माझ्यावर विश्वास ठेवून काटक्या घासत बसली होती. मी म्हटलं, तीन काय, तीस रात्री झोपतो! सानाताई म्हणाली, तीन पुरेत, तीस झाल्या तर सासरी काय सांगू.

सगळं ठरवलं केर्तूनंच. आमच्या कुटुंबाची तळ्याकाठी एक लाकडी उन्हाळी कोठी आहे आणि तिच्यासमोर पाण्यात एक बेट आहे. बेट म्हणजे मुंग्यांच्या वारुळांना आणि एखाद्या लेखकाला जेमतेम पुरेल एवढं. यंदा युहानुसच्या सुट्टीत, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या त्या सणात जेव्हा अख्खा देश तळ्यांकाठी जाऊन बसतो, ताईचं सगळं घर सासूबाईंकडे जाणार होतं. मला गुरुवारी वाटेत कोठीवर सोडायचं, मी नाव वल्हवत बेटावर जायचं आणि रविवारी त्यांनी येऊन मला न्यायचं. केर्तूनं माझी पिशवी भरली: चाकू, पातेलं, काड्यापेटी, स्लीपिंग बॅग, रेनकोट. काड्यापेटी देताना ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मग तिनं हात पुढे केला. "फोन दे. यल्मारीकडे फोन नसतो."

मी फोन दिला. ती दात घासायला गेली तेव्हा रेनकोटच्या घडीखाली सॉसेजचं एक मोठं पाकीट सरकवून दिलं. मला अपराधी वगैरे मुळीच वाटलं नाही. यल्मारीलाही मी प्रत्येक पुस्तकात ऐन वेळी काहीतरी सापडू देतोच.

आता शेजाऱ्यांबद्दल सांगायला हवं. बेटाच्या पलीकडच्या काठावर काउकोकाका आणि तैमीकाकू राहतात. दोघंही सत्तरीच्या पुढचे. आमचा आणि त्यांचा वीस वर्षांचा शेजार आहे आणि संबंध अतिशय जिव्हाळ्याचे आहेत. इतक्या वर्षांत आमच्यात एकच संभाषण झालं. मी म्हटलं होतं, "पाणी थंड आहे." काउकोकाका म्हणाले होते, "आहे." एवढं मोकळेपणानं बोलल्यावर पुढची काही वर्षं दोन्ही घरं जराशी संकोचून होती.

गुरुवारी मी बेटावर पोचलो. नाव एका वाळक्या झाडाला बांधली. गाठ अर्थातच 'यल्मारीची दुहेरी गाठ'. ही माझ्या तिसऱ्या पुस्तकात सचित्र दिलेली आहे. ती मीच शोधून काढली, कारण खऱ्या गाठींची नावं मला आवडली नव्हती. पातेलं, चाकू आणि स्लीपिंग बॅग वर नेऊन ठेवली. काड्यापेटी खिशात होती. पिशवी आणायला परत आलो तर नाव निघालेली!

घाई नव्हती तिला. कामावरून सुटलेल्या माणसासारखी ती आपली मजेत चालली होती. पिशवी तिच्यात, रेनकोट पिशवीत, सॉसेज रेनकोटात. मी गुडघाभर पाण्यात शिरलो आणि लगेच बाहेर आलो. मला पोहता येतं, पण तळ दिसत असेल तरच. आणि आमच्या तळ्याचं पाणी कडक चहाच्या रंगाचं आहे.

नाव थेट काउकोकाकांच्या धक्क्याला जाऊन लागली. काका बाहेर आले. त्यांनी नावेकडे पाहिलं. मग बेटाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी नाव खाली वाकून नीट बांधली, खऱ्या गाठीनं. माझ्याकडे पाहून मान हलवली आणि घरात गेले.

मीही मान हलवली! सवयीनं हलली. आणि आमच्याकडे दोन्ही बाजूंनी मान हलली, की प्रकरण मिटतं. आता परत हाक मारायची म्हणजे मिटलेलं प्रकरण उकरून काढायचं.

थोड्या वेळानं तैमीकाकू धक्क्यावर विणकाम घेऊन आल्या. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. मी दोन्ही हात हलवले. त्या उठल्या, खुर्ची उचलली आणि तोंड दुसरीकडे करून बसल्या. माणसाला एकांतात दोन्ही हात हलवावेसे वाटले तर शेजाऱ्यानं बघत बसू नये, एवढी त्यांची रीत.

वाऱ्यावर तळं ओलांडून आवाज सहज पोचतो. 'वाचवा' म्हणून ओरडायला काय लागतं? पण उन्हं छान पडलेली, पाणी शांत, समोर काकू विणतायत. अशा वेळी 'वाचवा' म्हणणं फार भडक वाटलं. मी घसा खाकरला आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "पाणी थंड आहे!"

घरातून काउकोकाकांचा आवाज आला. "आहे."

मग मी कामाला लागलो. चौथ्या पुस्तकात दिल्याप्रमाणे फांद्यांचा आडोसा उभा केला. तो मी आत शिरेपर्यंत उभा होता. तिसऱ्या पुस्तकात दिल्याप्रमाणे ओल्या डहाळ्यांचा मासे पकडायचा सापळा विणला. तो मासे पकडायच्या सापळ्यापेक्षा अपघातात सापडलेल्या टोपलीसारखा दिसत होता. तो लव्हाळ्यात सोडला. काड्यापेटीतल्या बहुतेक सगळ्या काड्या खर्ची घालून आग पेटवली आणि आगीनं पहिलं काम काय केलं असेल, तर आडोसा खाल्ला. डासांबद्दल मी काही लिहीत नाही. माझ्या पाचही पुस्तकांत डास नाहीत. त्याचा त्यांना राग असावा.

शुक्रवारी सकाळी सापळा उचलला आणि पाहतो तर काय, मासा! चांगला हातभर, पट्ट्यापट्ट्यांचा. आनंदानं मी नाचलो. मग मासा हातात घेतला आणि लक्षात आलं, की त्याचं पोट साफ केलेलं आहे. खवले काढलेले आहेत. आणि त्याला मीठ लावलेलं आहे.

मला शंका आली नाही असं नाही. मी विचार केला. एखाद्या मोठ्या माशानं पोट फाडलं असेल. खवले डहाळ्यांवर घासून गेले असतील. राहिलं मीठ. तळं गोड्या पाण्याचं आहे, हे खरं. पण निसर्गाबद्दल आपल्याला अजून कितीतरी गोष्टी माहीत नाहीत. उपाशी माणसापुढे शंकेचं काही चालत नाही. मी तो भाजला आणि खाल्ला. इतका चविष्ट मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. बोटं चाटता चाटता मला यल्मारीबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. पोरगं उगाच नाही पाच पुस्तकं टिकलं!

दुपारी पाइनच्या झाडाखाली नवे बटाटे सापडले. मातीत नव्हे, मातीवर. उकडलेले, गरम, वर शेपूची पानं. पक्ष्यांचं काम असणार. पक्षी बी वाहून नेतात हे सर्वांना ठाऊक आहे. बटाट्यांशेजारी कागदात लोण्याचा गोळा होता. लोण्याबद्दल मी विचार केला नाही. काही गोष्टींचा उपाशीपोटी विचार करू नये आणि जेवल्यावर तर मुळीच करू नये.

पण जेवण होतंय तोच ढग जमले. रेनकोट पलीकडच्या काठावर, आडोशाची राख झालेली. पाऊस आला आणि मी आजारी पडलो, तर तीन रात्री पुऱ्या व्हायच्या नाहीत आणि ते हस्तलिखित परत एका बोटानं माझ्याकडे सरकेल. मी ठरवलं, आता लाज सोडायची. निदान रेनकोट तरी मागायचा. चौथ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे: एका ओळीत तीन मोठ्या आगी पेटवल्या की जगात कुणालाही कळतं, इथे माणूस संकटात आहे. मी संध्याकाळपर्यंत लाकडं ओढली. शेवटच्या तीन काड्यांवर तीन आगी पेटवल्या. माणसाइतक्या उंच! भान ठेवून शेजारी पाण्यानं भरलेलं पातेलंही ठेवलं. मग शर्ट काढून गरागरा फिरवायला सुरुवात केली.

एक गोष्ट मी विसरलो होतो. तो शुक्रवार युहानुसच्या पूर्वसंध्येचा होता.

त्या संध्याकाळी आमच्या देशात प्रत्येक तळ्याच्या प्रत्येक काठावर होळी पेटवतात. मी शर्ट फिरवत असतानाच डावीकडे एक होळी पेटली. मग उजवीकडे. मग समोर, मग मागे. तळ्याभोवती आगीची माळच लागली आणि तिच्यात माझं संकट मण्यासारखं ओवलं गेलं! एका नावेतून अकॉर्डियन वाजवत काही तरुण गेले. मी शर्ट फिरवतोय हे पाहून त्यांनीही शर्ट काढले आणि फिरवले. मी नरड्याच्या शिरा ताणून "रेनकोट!" म्हणून ओरडलो. त्यांनी ग्लास उंचावले.

आणि तेवढ्यात बर्चच्या फांद्यांनी सजवलेली एक मोटारबोट सरळ बेटाला येऊन लागली. मी धावत गेलो. बोटीत तिघं होते. पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या खांद्यावर निळा-पांढरा पट्टा. गावाच्या होळी समितीच्या त्या अध्यक्ष होत्या.

"तीन होळ्या," त्या आगींकडे बघत म्हणाल्या. "एका माणसानं. शेजारी पाणीसुद्धा ठेवलंय."

"हो, खरं तर मला जरा सांगायचं होतं, की..."

"भाषण नको. तिसरं बक्षीस आहे. तिसऱ्या बक्षिसाला भाषण नसतं."

त्यांनी माझ्या हातात वेलची घातलेला, वेणीसारखा गुंफलेला एक भलामोठा गोड पाव ठेवला. बाकीच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाई जरा थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, की हल्ली सणाला लोक फार गोंगाट करतात, ओरडतात, पितात. तुम्ही मात्र एकट्यानं, उघड्या अंगानं, निसर्गात उभे आहात, हे पाहून समितीला फार बरं वाटलं.

मला उत्तर द्यायला तोंड होतं, समोर बोट होती, बोटीत चौथ्या माणसाला जागा होती. मी म्हटलं, "धन्यवाद."

बोट गेली. पाऊस काही आला नाही, ढग आपले पाहुण्यासारखे डोकावून गेले. मी पाव खाल्ला. तिथे बसल्याबसल्या मनात आलं, की आपण चौथं पुस्तक परत मागवून घ्यायला हवं.

शनिवारी मला जाग आली ती झुडपात काहीतरी जड चालल्याच्या आवाजानं. फांदी मोडली. मग धापा टाकल्याचा आवाज. मोठा, ओला, म्हातारा श्वास. अस्वल! ओत्सोला भेटायला ओत्सो आला होता. अस्वलं पोहत बेटांवर येतात, हे माझ्याच पहिल्या पुस्तकात आहे, आणि नेमकं तेवढंच खरं निघालं! त्याच पुस्तकात उपायही आहे: पालथं पडायचं, श्वास रोखायचा, मेल्याचं सोंग घ्यायचं. मी पालथा पडलो. तोंडात मुंग्या गेल्या तरी हललो नाही. पावलं जवळ आली. माझ्या कानाशी काहीतरी जड ठेवल्याचा आवाज आला. अस्वल खोकलं. मग बराच वेळ काहीच नाही. अस्वल वाट पाहत होतं.

"मेलास का?" अस्वलानं विचारलं.

मी एक डोळा उघडला. समोर रबरी बूट होते. बुटांत काउकोकाका होते.

"नाही," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी थोडा विचार केला. "कॉफी आहे."

काकांच्या हातात थर्मास होता आणि माझ्या कानाशी झाकलेलं पातेलं होतं. त्यातून माशाच्या रश्शाचा वास येत होता. मी त्या पातेल्याकडे पाहिलं, मग काकांकडे. मासा, मीठ, बटाटे, शेपू आणि ते लोणी, सगळं एकाच वेळी डोक्यात शिरलं. निसर्गाबद्दलचं माझं ज्ञान पुन्हा होतं तिथे येऊन बसलं.

काकांनी मला माझ्याच नावेतून पलीकडे नेलं. तैमीकाकूंनी टेबल मांडून ठेवलं होतं. मी पहिला घोट घेऊन विचारलं, की नाव दिसली तेव्हाच मला आणायला का नाही आलात? काकू चकित झाल्या. आत गेल्या आणि माझी पाचही पुस्तकं घेऊन आल्या. मधे मधे लोकरीचे धागे खुणेला घातलेले होते.

"हे बघ. तिसऱ्या पुस्तकात यल्मारी स्वतःची नाव मुद्दाम सोडून देतो," त्या म्हणाल्या. "परत फिरायचा मोह होऊ नये म्हणून. मी काउकोला म्हटलं, पोरगा शब्दाचा पक्का आहे. आता मधे पडायचं नाही."

"आणि मासा? तो साफ कशाला केलात?"

"दुसऱ्या पुस्तकात तू मासा शेपटीकडून सोलतोस," काउकोकाका म्हणाले. "म्हटलं, नको."

वीस वर्षांतलं ते त्यांचं सर्वांत मोठं भाषण होतं.

मग काकूंनी हळूच सांगितलं. बुधवारी त्यांना एक फोन आला होता. केर्तूचा. ती म्हणाली होती, माझा मामा बेटावर येतोय. त्याला काहीच येत नाही. पण तो चांगला आहे. त्याला उपाशी राहू देऊ नका, आणि हे त्याला कळूही देऊ नका. "तेव्हा आम्ही ही पुस्तकं वाचनालयातून आणली," काकू म्हणाल्या. "तू काय काय करशील ते आधी माहीत असलेलं बरं."

मी कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली. जिनं माझ्यापायी कच्चं पीठ खाल्लं होतं, तिनं माझ्यासाठी मासा, बटाटे आणि दोन म्हातारी माणसं कामाला लावली होती. 'काहीच येत नाही' हे मला मान्य होतं. 'पण तो चांगला आहे' हे कसं गिळायचं, ते कळेना. काकूंना ते कळलं असावं. त्यांनी खुर्ची उचलली आणि तोंड दुसरीकडे करून बसल्या. आता मला त्या खुर्चीचा अर्थ समजला. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण पाय धरले असते, तर त्यांनी पुढची वीस वर्षं संकोचात काढली असती. मी म्हटलं, "बटाटे छान होते." त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "शेपू घरचा आहे."

संध्याकाळी काकांनी सौना तापवला. आम्ही दोघं वरच्या फळीवर घाम गाळत बसलो. त्या खोलीची एक सोय आहे, तिथे घाम आणि डोळ्यांतलं पाणी सारखंच दिसतं. काकांनी तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ उसळली, आणि तिच्या आडून ते म्हणाले, "सॉसेजचं केर्तूला सांगितलेलं नाही."

मी घाम पुसला.

"फ्रीजमध्ये ठेवलीत. मोहरीही ठेवलीय."

"कसली मोहरी?"

"पाकिटाला रबरानं बांधली होती ती. मोहरीच्या चटणीची ट्यूब."

मी मोहरी ठेवली नव्हती. घाईत ते सुचलंच नव्हतं. सॉसेज लपवून मी तिच्या खोलीत शुभ रात्री म्हणायला गेलो, तेव्हा ती तिथे नव्हती, हे आता आठवलं. मामा सॉसेज लपवणार हे तिला माहीत होतं. मामा मोहरी विसरणार हेही माहीत होतं! तेवढ्या वाफेतही माझे कान निराळे तापले.

मी काकांना म्हटलं, मला परत बेटावर सोडा, एक रात्र बाकी आहे. त्यांनी सोडलं. रेनकोट, सॉसेज, मोहरी आणि नवी काड्यापेटी दिली आणि नाव बेटाला स्वतः बांधली. गाठ त्यांनी तीनदा करून दाखवली, एक शब्द न बोलता. चौथ्यांदा मी केली, आणि काका मागे बांधून आणलेल्या स्वतःच्या नावेतून परत गेले. त्या गाठीनं बांधलेली माझी नाव आजतागायत आपणहून सुटलेली नाही. तीन रात्रींत माझं वजन वाढलं होतं.

रविवारी केर्तू कोठीच्या धक्क्यावर उभी होती. मी वल्हवत आलो आणि नाव बांधली. तिनं ती गाठ ओढून पाहिली. मी तिला सगळं सांगून टाकलं, सापळ्यापासून सॉसेजपर्यंत. मी एकट्यानं काहीच निभावलं नाही, म्हटलं. तेव्हा तू हस्तलिखित वाचलं नाहीस तरी चालेल.

"एकट्यानं कर असं मी कुठे म्हटलं होतं?" ती म्हणाली. "बाहेर झोप म्हटलं होतं. झोपलास ना?"

"झोपलो."

"मग आण."

मी म्हटलं, आता नाही. आधी ते फाडायचंय.

सहावं पुस्तक मी नव्यानं लिहिलं, हीटर बंद ठेवून. त्यात यल्मारीची गाठ सुटते. त्याला डास चावतात, पानोपानी. त्याला लाज वाटते म्हणून तो 'वाचवा' म्हणत नाही, आणि शेवटी कुणाकुणाच्या हातचं खाऊन जगतो. समोरच्या काठावर राहणारे आजोबा त्याला गाठ मारायला शिकवतात, आणि माणसानं माणसाला कसं जपावं यावर एक सुंदर छोटंसं भाषणही करतात. ते भाषण लिहिताना माझं मन कृतज्ञतेनं इतकं भरून आलं होतं, की ते दीड पान झालं.

केर्तूनं दोन दिवस पेन्सिल घेऊन वाचलं. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होतो. तिनं शेवटचं पान उलटलं.

"हं," ती म्हणाली.

मी खुर्चीत कोसळलो. संपादकबाईंना फोन लावायला हात खिशात घातला.

"एक सोडून सगळं खरं वाटतं," केर्तू म्हणाली. तिनं ते दीड पान काढलं, त्यावर एक बोट ठेवलं आणि टेबलावरून सावकाश माझ्याकडे सरकवलं. "मामा, काउकोआजोबा एवढं बोलतात यावर कोण विश्वास ठेवणार?"

छापील पुस्तकात आता आजोबांची दोनच वाक्यं आहेत. एकात ते विचारतात, मेलास का. दुसऱ्यात कॉफी आहे.